मोजून सोडलेली गांडुळं

हरिहरच्या खोलीबाहेर ठेवलेल्या डब्याचं झाकण विमलाबाईंनी उचललं आणि लगेच परत ठेवलं. आत ओली माती होती आणि ती हलत होती.

बावन्न सालच्या जूनपासून हरिहर ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होता. विमलाबाईंनी त्याला मागची खोली दिली ती एकाच अटीवर: घरात मासळी येणार नाही. दुसरी खोली मिळवायची तर अर्ध्या ठाण्याचे उंबरे झिजवावे लागले असते. म्हणून त्याने घाईघाईने समजावलं. काकूंच्या मोगऱ्याला दोन वर्षं कळी धरली नव्हती, कारण वाफ्यातली माती फरशीसारखी घट्ट झाली होती. गांडुळं ती पोखरतात, मुळांपर्यंत हवा-पाण्याला वाट करून देतात, पाचोळा खाऊन त्याचं खत करतात.

"आहेत किती?"

"एकशेवीस. मोजलीत मी."

गांडुळं मोजणाऱ्या माणसाशी वाद काय घालायचा, असा चेहरा करून त्या आत गेल्या. हरिहरने डबा वाफ्यात रिकामा केला.

पंधरवड्याने काळुराम आला. खाडीकाठी त्याची भातशेती. बांधावरची गांडुळं त्यानेच उकरून दिली होती, पण कशाला हवीत हे विचारलं नव्हतं. त्याच्या माहितीत माणूस गांडुळं एकाच कामाला नेतो. ओटीवर मेथी निवडत बसलेल्या विमलाबाईंसमोरच तो म्हणाला, "काय मास्तर, गळाला काय गावला का?"

विमलाबाईंचा हात थांबला. "कसला गळ?"

हरिहर तोंड उघडणार तोच काळुरामने त्याची बाजू घेतली. नव्या माणसाला मासा सुरुवातीला हुलकावणी देतोच, त्यात लाजायचं काय. आणि मास्तर उपाशी राहू नये म्हणून पानात गुंडाळून आणलेले दोन मासे, खाडीतली बोयटं, त्याने पायरीवर ठेवले.

आता पुरावा फक्त वाफ्यात होता. हरिहरने खुरपं आणून वीतभर खणलं, मग दोन वीत. एकशेवीसपैकी एकही नाही. वर राखेचा जाड थर तेवढा होता. बंबातली राख काकू रोज मोगऱ्याला घालत होत्या, हे त्याला तेव्हा कळलं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"रविवारी खोली मोकळी करा," विमलाबाई म्हणाल्या. "आणि तुमचा स्वयंपाक पायरीवरून उचला."

शनिवारी तो ट्रंक भरत असताना शेजारच्या शेवंताबाई आल्या. भिंतीपलीकडे न्हाणीच्या पाण्यावर त्यांचं अळू होतं. हातातली सुपाएवढी पानं दाखवायलाच त्या आल्या होत्या, पण सुरुवात तक्रारीने केली.

"तुमच्या मास्तरांनी सोडलंय तरी काय हो? माझ्या अळवात खुरपं घालावं तिथे गांडुळं. माती अगदी रव्यासारखी झालीय."

हरिहर ट्रंक सोडून बाहेर आला. "काकू, राखेने वाफा कोरडा पडला. ओल भिंतीपलीकडे होती, म्हणून गांडुळं भिंतीच्या पायाखालून तिकडे सरकली."

विमलाबाईंनी त्यातलं एक पान हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मासळीचा विषय त्यांच्या मनातून पार पुसला गेला होता.

"ती आमची आहेत," त्या म्हणाल्या.

"कशावरून? नावं घातलीत?"

"मोजून सोडली होती. एकशेवीस."

शेवंताबाईंनी साफ नकार दिला. जी आपल्या पायांनी आली, ती त्या परत पाठवणार नव्हत्या. गांडुळाला पाय नसतात, हे हरिहरच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं.

रविवारी खोली मोकळी झाली नाही. विमलाबाईंनी ट्रंक स्वतः खाटेखाली ढकलली आणि हरिहरला वाफ्यावर बोलावलं. तो सांगेल तसा पाचोळा पसरला, पाणी शिंपडलं. काळुराम नवा डबा घेऊन आला, तेव्हा त्याला ओटीवर बसवून चहा दिला. आता राखेचं काय करायचं, एवढंच त्यांनी हरिहरला विचारलं नाही.

दुपारी बादलीभर राख घेऊन त्या भिंतीशी उभ्या राहिल्या.

"अहो शेवंताबाई," त्यांनी गोड आवाजात हाक मारली, "अळवाला राख फार मानवते म्हणे. घालू का थोडी?"