बिरादार सरांची डबी

बिरादार सर कुणाला नमस्कार करत नाहीत, खिशातून डबी काढतात. डबी तंबाखू-चुन्याची, दोन्ही बाजूंनी उघडणारी. आमच्याकडं अशी डबी निघाली की समोरच्याचा तळहात आपोआप पुढं होतो. सर त्यावर चिमूट टाकतात, माणूस सवयीनं ती खालच्या ओठात दाबतो आणि क्षणात त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. डबीत असते जवसाची चटणी, लसूण-तिखट घालून कुटलेली.

"दाबू नको, चाव," सर शांतपणे म्हणतात. "डोक्यापर्यंत जाऊ दे."

नांदेड स्टेशनसमोरच्या रिक्षावाल्यांपैकी एकानं या चटणीपायी तंबाखू सोडली, असं सर सांगतात. तो रिक्षावाला म्हणतो, सर दिसले की तेवढ्यापुरती सोडतो.

डबीच्या चुन्याच्या बाजूला अक्रोडाचे दोन-तीन तुकडे असतात. ते फक्त परीक्षा असलेल्या पोरांसाठी. बाकी पाच वर्षांचं पोर असो की पंच्याऐंशीचा म्हातारा, सरांचं सगळ्यांना एकच सांगणं, "डोकं म्हंजे रान हाय. पेरल्याबिगर उगवत न्हाई." सकाळी भिजवलेले शेंगदाणे, दुपारी शेवग्याची भाजी, चार वाजता फुटाणे. एका लग्नात त्यांनी बुंदी वाढणाऱ्याला परत पाठवलं आणि नवरदेवाच्या ताटात चिमूटभर चटणी ठेवली. म्हणाले, "खा. आज तुला लई पाहुण्यांची नावं ध्यानात ठेवायची हायत."

सर अहमदपूरला आम्हाला विज्ञान शिकवायचे. मी चाकूरजवळच्या खेड्यातून एसटीनं शाळेला यायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी पाहिलेली नव्हती. माझ्याकडं डबा कधी असायचा, कधी नसायचा. नसला की सरांना ते न विचारताच कळायचं. मधल्या सुट्टीत ते मला काहीतरी निरोप देऊन आपल्या घरी पाठवायचे आणि त्यांची बायको, आमच्या काकू, ज्वारीच्या भाकरीवर जवसाची चटणी ठेवून वर तेल सोडायच्या. मी पहिला घास चावेपर्यंत त्या समोर उभ्या राहायच्या. आज मी नांदेडला कॉलेजात शिकवतो, त्यात त्या भाकरीचा वाटा माझ्या पदवीपेक्षा मोठा आहे. निवृत्त झाल्यावर सर आणि काकू आमच्याच गल्लीत राहायला आले, तेव्हा मला माहेर मिळाल्यासारखं झालं.

यंदा दिवाळीनंतर मात्र सरांची मतं डळमळू लागली. एक दिवस चटणी अगदी अळणी निघाली. सर म्हणाले, मीठ बंद केलं, नसा मोकळ्या राहतात. चार दिवसांनी तीच चटणी खारट. तर म्हणे, मीठ असल्याबिगर नसांतून निरोप पुढं सरकत नाही. एकदा तर ती चक्क गोड लागली. "साखर हाय. मेंदूचं इंधन," सर म्हणाले.

गल्लीला विषय मिळाला. रिक्षावाले विचारू लागले, सर, आज पेपरात काय छापून आलंय? सर त्यांच्याबरोबर हसायचे. मला मात्र वाईट वाटायचं. प्रयोग करून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका, असं आम्हाला शिकवणारा माणूस रोज वेगळं बोलत होता. एका रविवारी मी हे त्यांना सांगायचंच ठरवून गेलो.

काकू स्वयंपाकघरात खलबत्त्यात जवस कुटत होत्या. सर उंबऱ्याशी शेंगा सोलत बसले होते. मीही तिथंच टेकलो. काकूंनी चिमूटभर मीठ टाकलं, दोन घाव घातले, खिडकीकडं पाहिलं आणि पुन्हा मीठ टाकलं. थोड्या वेळानं त्यांचा हात तिसऱ्यांदा बरणीकडं गेला.

मी म्हणालो, "काकू, मीठ..."

सरांनी माझ्या हातात शेंगदाणे ठेवले आणि माझी मूठ घट्ट दाबली. मग मला अंगणात नेलं.

"मी एकदा तिला मिठावरनं बोललो होतो," ते म्हणाले. "चार दिवस ती चुलीकडं फिरकली न्हाई. नुसती भिंतीकडं बघत बसली. डाक्टरला दाखवलंय, गोळ्या चालू हायत. पण दत्ता, तिचे हात थांबले तर ती बी थांबंल."

मी त्या नसांचं आणि इंधनाचं विचारलं.

"लोकांनी तिला हसण्यापरीस मला हसावं. मास्तर हाय मी. मला सवय हाय."

एवढ्यात काकू ताटली घेऊन आल्या. भाकरी, चटणी, वर तेल. मी घास घेईपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या, अहमदपूरला राहायच्या तशाच.

"मीठ बरोबर झालंय का रे?"

चटणी खारटढोण झाली होती. सर शेंगांच्या टरफलांकडं बघत होते.

"झालंय, काकू. अहमदपूरसारखंच."

"मग अजून घे," म्हणत त्यांनी आणखी एक चमचा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्टेशनसमोर डबी उघडून सांगत होते, "आज मीठ जरा जास्त हाय. घाम गाळणाऱ्याच्या डोक्याला ते लागतंच." पौषातली थंडी होती. रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून उभे होते. एकानं दुसऱ्याकडं बघून डोळा घातला.

मी मधे घुसून तळहात पुढं केला. म्हणालो, "खरं आहे. मीही वाचलंय पेपरात."

सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि दोन चिमटी टाकल्या. मी त्या न दाबता, सावकाश चावून खाल्ल्या.