बर्नीच्या गाडीतून
अंत्यविधीच्या सकाळी बर्नी नोवाकच्या बायकोनं, डॉरथीनं, लुडीच्या हातात किल्ली ठेवली.

"सांगून गेलाय. माझी शवपेटी लुडीनं उचलायची, आणि यायचं माझ्या गाडीतून."

लुडीचा चेहरा आणखी पडला. फ्लिंटच्या मोटार कारखान्यात दोघांनी तीस वर्षं शेजारी उभं राहून दारं बसवली. मित्राला शेवटचा हात द्यायचा, हे त्यानं मनाशी केव्हाच ठरवलं होतं. पण ती गाडी! निवृत्तीनंतर बर्नीनं उघडणाऱ्या टपाची, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स गाडी घेतली होती. लुडीकडे चौऱ्याहत्तर सालची सेडान, पुढं सोफ्यासारखं सलग बाकडं. रोज जुंपायची.

"तुझी सेडान म्हणजे रांगणारा दिवाणखाना," बर्नी म्हणायचा.

"आणि तुझी गाडी म्हणजे चाकं लावलेला बूट!"

आता मेलेल्याशी काय वाद घालणार? लुडी गाडीत बसला. बसला कसला, घसरला.

"फार घट्ट आहे," तो पुटपुटला.

"गाडी?" शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, स्टेलानं विचारलं.

"कोट. उसवला."

वाटेत नोव्हेंबरचा बर्फाळ पाऊस लागला. स्टेलानं काच वर करायला बटण दाबलं, तर टप मागे गेला आणि तिकडेच राहिला. दोघं निथळत दफनभूमीत पोचली. पेटीपाशी पाच जण सहाव्याची वाट पाहत होते.

लुडीनं एक पाय बाहेर काढला. दुसरा येईना.

"उतर की!"

"उतरतोच आहे."

"लुडविक, लोक खोळंबलेत!"

"गुडघ्याला सांग."

शेवटी ते पाच जण इकडे आले. कुणी काखेत हात घातले, कुणी पाय धरले.

"हळू! हा जिवंत आहे!" स्टेला किंचाळली. फादर कॅसिमिरनी तोवर सवयीनं हवेत क्रूस काढला होता.

लुडी मान खाली घालून चिखलात उभा राहिला. डॉरथीनं त्याच्यावर छत्री धरली.

"मनाला लावून घेऊ नकोस. बर्नीला तरी कुठं उतरता यायचं? तुझ्याकडे यायचा ना, तेव्हा कोपऱ्यावर मी ओढून काढायची. मग स्वारी शीळ घालत तुझ्या दारात."

"मला कधी बोलला नाही!"

"मरेपर्यंत बोलणार नाही म्हणाला होता."

लुडीनं जाऊन पेटीची मूठ धरली. "लबाडा," तो पेटीला म्हणाला आणि दोन पावलांतच त्याला असं रडू फुटलं, की बाकीच्या पाचांना दोघांनाही सांभाळून न्यावं लागलं.