धक्क्याचे आवरण

जमीन हलणे ही नैसर्गिक घटना आहे. ती हलली असे ठरणे ही प्रशासकीय घटना आहे.

भोकरकडच्या आमच्या गावात जमिनीखालून गडगड झाली, की त्याचा निकाल जिल्ह्याचा भूलहर पृथक्करण कक्ष लावतो. यंत्रावर उमटलेल्या थरथरीच्या टोकांवरून कक्षप्रमुख उमाशंकर साहेब एक रेघ काढतात. ती रेघ म्हणजे आवरण; धक्का केवढा, ते तिच्यावरून कळते. लहर कोणत्या क्षणी चढतीवर होती नि कोणत्या क्षणी उतरतीवर, हे सांगते ती लहरीची कला, म्हणजे फेज. (दोन्ही काढायला संगणक लागतो. घाबरायला लागत नाही, म्हणून गावकऱ्यांचे घाबरणे ग्राह्य धरत नाहीत.)

तारामतीबाईंची नात ज्या अंगणवाडीत बसते, तिची भिंत मागच्या धक्क्यात फाटली. मुलांना पत्र्याच्या शेडमध्ये हलवा, एवढेच बाईंचे मागणे. त्यासाठी आवरण धोक्याच्या रेषेच्या वर जावे लागते. ते गेलेही होते. पण टोकदार आवरणाने घबराट पसरते, म्हणून साहेबांनी सरासरी काढून ते गुळगुळीत केले. आवरण रेषेखाली आले आणि जिल्हा सुरक्षित झाला.

गुळगुळीत केलेले आवरण जरा उशिरा फुगते. त्यामुळे धक्क्याची अधिकृत वेळही पुढे सरकली. इकडे आमच्या घरोघरी स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचलेले असतात. ते वाजले की माणसे बाहेर. पंचायतीच्या कॅमेऱ्यातल्या पळापळीच्या वेळेशी कला ताडून पाहिली, तेव्हा गाव आधी पळाले आणि जमीन नंतर हलली, हे सिद्ध झाले. म्हणजे धक्का पळण्यानेच बसला.

साहेबांनी ग्रामसभेत हे फार सोपे करून सांगितले. धावबंदीचा ठराव मांडला. तारामतीबाई उठल्या.

"साहेब, भिंत फाटलेली हाय. लेकरं तिच्याच बुडाशी बसून राहिलीत. त्यायला उठवू का न्हाई?"

"उठवा," साहेब म्हणाले, "पण सावकाश."

आम्ही ठरावाला हात वर केले आणि पायाखाली गडगड झाली. बाई एकट्याच अंगणवाडीकडे पळाल्या. आम्ही शिस्तीने बसून राहिलो. भिंत पडली तेव्हा आत एकही लेकरू नव्हते.

या वेळी पळणारी व्यक्ती एकच असल्याने धक्क्याचे कारण शोधणे कक्षाला सोपे गेले. भिंतीच्या नुकसानीची नोटीस तारामतीबाईंना मिळाली आहे.

तुम्ही हसाल आमच्या गावाला. खुशाल हसा. फक्त तुमच्या इमारतीच्या खांबाला गेलेली ती चीर, गेल्या दिवाळीत पुट्टी भरून गुळगुळीत कोणी करून घेतली, तेवढे सांगा.