झिपरीचा ढकल्या आणि आबांचं पंचामृत

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल सायकलवरून कामाला जायचं. हसू नका. सर्कशीतलं अस्वल वेगळं. हे कारखान्यात जायचं.

तिचं नाव झिपरी. खिंडीपलीकडे मधाच्या बाटल्या भरायचा कारखाना होता, तिथे ती बुचं लावायची. दिवसभर मध बघायचा आणि चाटायचा नाही. अस्वलाला हे किती जड जातं ते तुम्हाला नाही कळणार. तरी ती करायची. कारण नोकरी सुटली की घरी बसायचं, आणि घरी बसायचं म्हणजे आबांची पाठ खाजवायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आबा म्हणजे तिचे आजोबा. त्यांची पाठ फार मोठी होती.

झिपरीची सायकल जुनी, पण गिअरची. पेडलपाशी दोन दातेरी चकत्या. एक थोरली, एक धाकटी. सपाटीला थोरली, चढाला धाकटी. चेनला एकीवरून दुसरीवर ढकलायला एक लोखंडी चिमटा असतो. त्याचं नाव डिरेलर. एवढं अवघड नाव जंगलात कोण घेणार? सगळे त्याला ढकल्या म्हणत.

दसरा झाला आणि ढकल्या अडकला. चेन थोरलीवर बसली ती बसलीच. हँडलवरचा खटका दाबला की तार ढिली पडायची, पण ढकल्या जागच्या जागी नुसता थरथरायचा.

थोरलीवर खिंड चढणं म्हणजे काय, ते एकदा चढून बघा. निम्म्या वाटेवर झिपरीच्या मांड्या भरून आल्या. उरलेला चढ तिने उतरून, सायकल ढकलत काढला. पोचली तेव्हा भोंगा होऊन गेला होता.

फाटकावर तरस होता. तो कायम हसायचा, त्यामुळे बातमी चांगली की वाईट ते कळत नसे.

"पुन्हा उशीर झाला तर येऊच नकोस गं," तो हसत हसत म्हणाला. "साहेबांनी सांगितलंय."

संध्याकाळी झिपरी चिंचेखालच्या कट्ट्यावर गेली. तिथे आबा बसत. शेजारी गवाअण्णा. दोघं इतकी वर्षं बसून होते की दगडाला त्यांचा आकार आला होता. त्यांना विचारल्याशिवाय जंगलात कुठलंही काम होत नसे. विचारल्यावरही होत नसे.

"ढकल्या अडकलाय," झिपरी म्हणाली.

"आमच्या वेळी ढकल्या नव्हताच," गवाअण्णा म्हणाले.

"तुमच्या वेळी सायकलच नव्हती, अण्णा."

"म्हणूनच कधी बिघडली नाही."

आबांनी डोळे मिटले. विचार करताना आणि झोपताना ते सारखेच दिसत.

"दसऱ्याला सायकलची पूजा केली मी," ते म्हणाले. "हळद, कुंकू, अक्षता. सगळं माझ्या हाताने. पण तू आरतीला थांबलीस?"

"भोंगा गाठायचा होता, आबा."

"मग भोग आता."

"अहो, नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे की," आबांनी पाठ जरा हलवली. "पण तुझं मन मोडवत नाही. पूजा कमी पडलीय. उद्या सुट्टी आहे ना? पंचामृताचा अभिषेक करू."

पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, साखर आणि मध. अस्वलांच्या घरचं असल्यामुळे पहिली चार नावाला. दुसऱ्या दिवशी आबांनी तांब्याचा तांब्या ढकल्यावर उपडा केला. वर पुन्हा हळद, पुन्हा कुंकू, पुन्हा अक्षता. गवाअण्णांनी झेंडूचं फूल खोचलं, ते नेमकं सांध्यात. मग दोघं पोटभर जेवले. पूजा केली की भूक लागते. नाही केली तरी लागते.

झिपरीने खटका दाबला. आता तर चिमटा थरथरायचाही थांबला होता. तेवढ्यात मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांना पूजा लगेच पावली.

झिपरीने हिशोब केला. उद्या सकाळी खिंड. उद्या भोंगा. आणि भोंगा हुकला की आयुष्यभर ती पाठ.

आबा आडवे होऊन घोरायला लागले, तशी ती सायकलपाशी मांडी घालून बसली. ढकल्या तिने नखाने आत दाबला. तो करकरत गेला आणि तिथेच राहिला. तिने डोळा जवळ नेला. आत एक स्प्रिंग होती. बिचारी जिवाच्या आकांताने धाकटीकडे ओढत होती. ढकल्याला खाली उतरायचं होतं हो. अंगावर थापलेला मान त्याला उतरू देत नव्हता.

झिपरीने कोनाड्यातून रॉकेल आणलं. आबांचा दात घासायचा ब्रश आणला. आबांना दोनच दात उरले होते, त्यामुळे ब्रश अगदी नवा होता.

आधी मध निघाला. त्याखाली दसऱ्याचं कुंकू. त्याखाली गेल्या दसऱ्याचं, लाखेसारखं कडक. सांध्यात तांदळाचे दाणे रुतले होते, ते तिने सायाळीच्या काट्याने उकरले. ओळखू न येणारा झेंडू उपसला. पुसून कोरडं केलं. वर शिलाई मशीनचं तेल, थेंबभर. मग खटका दाबला.

खट्!

आवाजाने आबा उठले.

"काय चाललंय हे? पूजेचं पुसलंस? आणि तो माझा ब्रश!"

"दात दोन आहेत तुमचे."

"दोघांनाही मान आहे!"

"आबा, हे बघा. ह्यानेच अडकला होता." तिने खरवडलेला तांबडा चिकट गोळा त्यांच्या हातावर ठेवला.

आबांनी गोळा हुंगला, भक्तिभावाने कपाळाला लावला. तो कपाळालाच चिकटला.

"कार्टे, उद्या खिंडीत तोंडावर आपटशील. माझा आशीर्वाद नाही तुझ्या सायकलला!"

"नक्की नाही ना?" झिपरीने विचारलं. "मग चालेल ती."

सकाळी खिंडीच्या पायथ्याशी तिने खटका दाबला. खट्! चेन धाकटीवर. झिपरी चढत राहिली. हळू, पण बसून. शेवटच्या वळणावर तिला फाटक दिसलं. तरसाने पंजा कडीला लावला होता. झिपरी आत शिरली आणि मागे भोंगा झाला. तरस हसला.

संध्याकाळी ती उतारावरून घरी निघाली. बघते तर कट्टा रिकामा! आबा रस्त्याच्या मधोमध, हातात आरतीचं ताट. शेजारी गवाअण्णा, डोक्यावर पंचामृताची घागर. बातमी पोचली होती.

"पावली!" आबा ओरडले. "पूजा पावली! जरा उशिरा पावली! थांब, आता हँडलपासून चाकापर्यंत करू!"

"आबा, बाजूला व्हा!"

"मोठ्यांना बाजूला व्हायला सांगतेस?"

झिपरीचं बोट ब्रेकवर गेलं. मग तिने घागर पाहिली. बोट खटक्यावर आलं. खट्! थोरली. सायकल वाऱ्यासारखी सुटली.

बाजूला व्हायचं कसं, हे त्या दोघांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. गवाअण्णा ऐन वेळी आबांच्या बाजूला झाले. घागर आबांवर रिकामी झाली. झिपरी मोकळ्या झालेल्या जागेतून निघून गेली.

आबा निथळत कट्ट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने उठायला गेले तर उठवेना. मुंग्यांची रांग चिंचेच्या मुळापासून निघाली आणि त्या भल्यामोठ्या पाठीकडे वळली.

"झिपरे!" आबा कळवळून ओरडले. "अगं, खाजवायला तरी ये!"

झिपरी वळणावर पोचली होती. तिने मागे वळून पाहिलं, पण पेडल थांबवलं नाही.

"रॉकेल कोनाड्यात आहे, आबा! आणि ब्रश तुमचाच आहे!"

तात्पर्य : वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद जरूर घ्यावेत. ते रॉकेलने निघतात.