शून्य नंबरची डिस्क

आमचे उत्तमभाऊ सगळं शून्यापासून मोजतात. ऑफिसात आम्ही तिघं. ते स्वतःपासून बोट फिरवतात, "शून्य, एक, दोन," आणि खिडकीतून टपरीवाल्याला ओरडतात, "दोन चाय!" कप येतात दोन आणि तोंडं तीन. मी चिडते, ते हसतात, "राहू द्या ताई, मले नाई पायजे."

मालेगावच्या आमच्या प्रशिक्षण संस्थेत मी क्लार्क, ते सर्व्हर सांभाळणारे. सर्व्हर दोन, एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. माउसला हात लावणं भाऊंना कमीपणाचं वाटतं. रोज सकाळी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून ते डिस्कांची तब्येत विचारतात. काम एकच, पण दोन्हीकडची कमांड वेगळी, म्हणून त्यांची वही दोन रंगांत. "विंडोजवाला सीधा हाय. लिनक्सले पयले परवानगी मागा लागते, नाई तं थो आयकतच नाई." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

"कंट्रोलर म्हंजे मुकादम, त्याच्याखाली चार डिस्क," ते समजावतात. "एक मेली तं बाकीच्या तिघी तिचं काम ओढतात. पण तवाच चुकून जिती काहाडली, का खेळ खतम." कोणती मेली ते कमांड सांगते, आणि तीही मोजते शून्यापासून. इथं माझं डोकं गरगरायला लागतं.

पण खरा गोंधळ वेगळाच होता. मी रुजू व्हायच्या आधी एका बॅचच्या नोंदी सर्व्हर बिघडून गेल्या होत्या. नोकरीच्या ठिकाणाहून त्या बॅचमधल्या कोणाची चौकशी आली, की मी पत्र धाडायची: 'नोंद आढळत नाही.' आणि हल्ली त्याच नोंदी आढळायला लागल्या! एका सोमवारी एक, पुढच्या सोमवारी दोन, प्राचार्यांच्या सहीसकट. अशा कशा येतील परत? भाऊंना विचारलं तर, "आल्या असतीन, ताई." आणि दर रविवारी हा सडाफटिंग माणूस मोटरसायकल काढून जातो तरी कुठं? पोरगी पाहायला, असं मीच ऑफिसभर करून टाकलं होतं.

परवाच्या रविवारी भाचीच्या साखरपुड्याला इंझोरीला गेले, तर शेजारच्या अंगणात भाऊंची मोटरसायकल. मी तडक आत. खाटेवर भाऊ, मांडीवर वही. समोर एक बाई जुनं प्रमाणपत्र पदरानं पुसत होती. दुसऱ्या हातात एका पत्राची नक्कल, माझ्या सहीची.

"याच कागदानं माही नोकरी हुकली, बाई," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यायचा दोष नाई," भाऊ मान खाली घालून म्हणाले. "कमांडनं एक नंबरची मेली सांगतली, मी वरून पयली काहाडली. थे शून्य नंबरची होती. जिती होती. समदी बॅच गेली, ताई. म्हणून घरोघरी जाऊन प्रमाणपत्रावरून नोंदी उतरून आणून राह्यलो."

"किती राहिले अजून?"

"नऊ."

"म्हणजे दहा?"

"नाई ताई. हे माणसं एकापासूनच मोजतो. एकही राहाले नाई पायजे."

बाई उठली. "चाय किती टाकू?"

"दोन," भाऊ म्हणाले.

आम्ही तिघं होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला चिडायला जमलं नाही.

"तीन टाक माय," मी म्हटलं. "भाऊले धरून."