कागदाची मागची बाजू

भगवंतराव तायडे नांदुऱ्याहून घरी आले तेव्हा त्यांनी एक पिशवी छातीशी धरली होती, आणि आपण आज फार मोठं काम करून आलो हे त्यांच्या चेहऱ्यावर दुरूनही वाचता येत होतं. चपला काढायच्या आधीच त्यांनी लेकीला हाक मारली.

"मनाली, इकडं ये. हात पुसून ये पन."

मनाली आली. भगवंतरावांनी पिशवीतून एकेक कागद काढून खाटेवर मांडला. नर्सिंगच्या चार वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी, कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र, परराज्यात काम करायचं म्हणून मुंबईहून मागवलेलं ना हरकत प्रमाणपत्र, असे दहा कागद. दहाही जाड प्लास्टिकमध्ये बंद झालेले आणि उन्हात चमचम करणारे.

"लॅमिनेशन करून आनलं," भगवंतराव म्हणाले. "आता विहिरीत टाक, काई होत नाई. उधईच्या बापाले बी दात लागनार नाई."

मनालीने कागदांना हात लावला नाही. भगवंतरावांना वाटलं, पोरीला भरून आलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हैदराबादच्या कौन्सिलात मूळ प्रमाणपत्राच्या मांगच्या बाजूनं शिक्का मारतात."

भगवंतरावांनी प्रमाणपत्र उलटं केलं. मागची बाजू पुढच्याइतकीच चमकत होती.

"मारू दे ना. प्लास्टिकवर मारतीन."

"प्लास्टिकवर शाई ठयरते का? अन् लॅमिनेशन केलेलं थे घेतच नाईत. फारमवरच लिहेल हाय."

भगवंतराव खाटेच्या कडेवर बसले. परवा अकोल्याहून हैदराबादची गाडी होती, तिकीट निघालेलं होतं, गीताबाईंनी लेकीसाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली होती.

आता भगवंतरावांना वेडं ठरवण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्यायला हवी. ते वडनेर भोलजीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिपाई होते, पण शिपाई व्हायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. ऐन विशीत मेहकरला कारकुनाच्या जागेसाठी त्यांचं नाव लागलं होतं. कागद तपासायच्या आदल्या दिवशी पेटी उघडली, तर दहावीची गुणपत्रिका उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्लेली. मराठीचे गुण तेवढे शिल्लक होते. दुसरी गुणपत्रिका येईपर्यंत जागा गेली. तेव्हापासून घरातला प्रत्येक कागद भगवंतराव दर महिन्याला उन्हात धरून झटकायचे. पोरीचे कागद उघडे घेऊन तिला परमुलखात पाठवणं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतंच.

मनालीचं मात्र सगळं वेळेवर झालेलं होतं. परराज्यात नोकरी बघायची तर निकालाची वाट बघत बसायचं नसतं, हे तिला कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. तिने आणि मेहकरच्या पूनमने शेवटच्या सहामाहीतच अर्ज केले, मोबाइलवर मुलाखती दिल्या. निकाल लागला त्याच आठवड्यात नोंदणी, ती हातात पडताच ना हरकत, आणि त्यासाठी अडीच महिने वाट. हैदराबादच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दोघींची अतिदक्षता विभागात निवड झाली होती, आणि वसतिगृहाची खोलीही दोघींत एकच. वर्षभर मांडत आणलेलं हे सगळं भगवंतरावांनी एका दुपारी गरम मशीनमधून काढलं होतं.

"जिथं लावलं तिथंच काढून घिऊ," ते उठत म्हणाले. "चाल."

नांदुऱ्याच्या बाजारात रवीचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे गर्दी नव्हती. रवीने हसून विचारलं, "जय भीम काका! राह्यलं का काई लॅमिनेशनचं?"

"काढाचं हाय."

रवीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काढाचं? काका, लावाची मशीन हाय मायापाशी. काढाची अजून कोनं बनवलीच नाई."

पण माणूस भला होता. त्याने मोबाइलवर शोधाशोध केली. वरून गरम इस्त्री फिरवायची आणि प्लास्टिक अलगद ओढायचं, असं कुणीतरी करून दाखवलं होतं. "आंधी एखाद्या बिनकामाच्या कागदावर पाहू," रवी म्हणाला. "हाय का एखादा?"

होता. दहा कागदांवर अकरावा फुकट अशी रवीची सवलत होती, आणि फुकटाचं सोडायचं नाही म्हणून भगवंतरावांनी शाळेने दिलेलं आपलं 'आदर्श सेवक' प्रमाणपत्रही त्यात घुसडलं होतं. ते त्यांनी पिशवीतून काढलं, क्षणभर पाहिलं आणि पुढे केलं.

"बाबा, थे नको," मनाली म्हणाली.

"असू दे. भिताडाले टांगाच्याच कामाचं हाय."

इस्त्री फिरली. रवीने श्वास रोखून प्लास्टिक ओढलं. प्लास्टिक निघालं, आणि भगवंतरावांचं नाव, मुख्याध्यापकांची सही, तारीख हे सगळं त्याला चिकटून गेलं. कागदावर वेलबुट्टीची चौकट आणि 'देऊन गौरविण्यात येत आहे' एवढंच उरलं. कोणाला आणि कशासाठी, ते कळायला मार्ग नव्हता.

"काका, चौकट तं मस्त निंघाली," रवी म्हणाला.

मनालीला हसू फुटलं. भगवंतरावही हसले. मग त्यांनी पाहिलं, की लेकीचं हसू केव्हाच संपलं होतं आणि ती ओढणीने डोळे पुसत होती. त्यांनी उरलेले दहा कागद गुपचूप पिशवीत भरले.

मनालीने हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या बाईंनी हिंदीत गोड आवाजात सांगितलं की जागा पंधरा दिवस राखून ठेवू, त्यापुढे नाही. दुसरं प्रमाणपत्र मुंबईहून आणायचं, तर हरवल्याची पोलिसांत नोंद हवी, असं पूनमने कुठूनतरी विचारून कळवलं. बापलेक दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. हवालदाराने कागद पुढे ओढला.

"काय हरवलं?"

भगवंतरावांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे."

हवालदाराने प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग भगवंतरावांकडे. "हे तं हाय."

"हाव साहेब. पन कामाचं नाई."

"काका, मी सरळ इचारतो. हरवलं का नाई?"

मनालीने टेबलाखालून बापाच्या पायाला पाय लावला. पण शाळेच्या भिंतीवरचं 'नेहमी खरे बोलावे' भगवंतरावांनी दरवर्षी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं. ते म्हणाले, "नाई साहेब. मीच खराब केलं. पोरीचा काई दोष नाई."

"मंग हरवल्याचं कसं लिहू?" हवालदाराने पेन ठेवलं. "हरवल्याची तक्रार देनारा मानूस वस्तू संग घिऊन येते का कधी? जा, तालुक्याले जाऊन खराब झाल्याचं प्रतिज्ञापत्र करा."

प्रतिज्ञापत्र झालं, त्यात नावाची चूक निघाली, दुसरं झालं. अर्ज मुंबईला गेला आणि फोटो जुना आहे म्हणून परत आला. पंधरावा दिवस उजाडला आणि मावळला. पूनम एकटीच गेली होती. तिने खोलीचा फोटो पाठवला, त्यात दुसऱ्या खाटेवर भलत्याच कुणाची तरी बॅग होती. नवी प्रमाणपत्रं तिसऱ्या महिन्यात आली, तोवर त्या हॉस्पिटलची भरती संपली होती.

मनाली खामगावच्या एका लहान दवाखान्यात जाऊ लागली. सकाळच्या बसने जायची, दिवे लागताना परत यायची. घरात ती एका शब्दाने बापाला बोलली नाही, आणि भगवंतरावांना तेच सोसत नव्हतं. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "एकदा मले बोल तं खरं, बाई. शिव्या दे. काई बी दे."

"काय बोलू? मले राग येते बाबा. अजून बी येते," मनाली ताटाकडे बघत म्हणाली. "पन तुमाले पाह्यलं की बोलाचं राहून जाते."

गीताबाईंनी दोघांनाही न विचारता भाकरी वाढली. भगवंतरावांनी आपली तशीच टोपल्यात परत ठेवली.

पुढच्या वर्षी मनालीने पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. हैदराबादच्या हॉस्पिटलाने कळवलं की आम्ही त्या-त्या वर्षी पास झालेल्यांनाच घेतो. सुरतच्या एका हॉस्पिटलाने बोलावलं. ते लहान होतं, अतिदक्षता विभाग नव्हता, पगारही बेताचा. पण ती गेली. नांदुरा स्टेशनवर भगवंतरावांनी कागदांची फाइल तिच्या हातात दिली, ती धुतलेल्या उशीच्या खोळीत गुंडाळलेली. घरून निघताना त्यांनी दोनदा हात धुतले होते.

दहा दिवसांनी मोबाइलवर फोटो आला. पांढऱ्या गणवेशातली मनाली, गळ्यात निळी फीत, फितीला ओळखपत्र. खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, पाहा. हे दवाखान्यानंच लॅमिनेट करून देलं.'

भगवंतरावांनी ते चारदा वाचलं, गीताबाईंना वाचून दाखवलं, आणि संध्याकाळच्या आत नांदुऱ्याला रवीकडे जाऊन फोटोची मोठी प्रत काढायला सांगितली. प्रत निघाली. रवीचा हात सवयीने मशीनच्या बटणाकडे गेला.

"काका, हे तं करू ना? भिताडालेच लावाचं हाय."

भगवंतरावांनी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला आणि उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी, पांढरी होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"नाई बे, राहू दे," ते म्हणाले. "मांगून कोनाले शिक्का मारा लागला तं?"