निवळीच्या बियांचं अठरावं शिबिर

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. शिबिरात प्रश्न विचारायचा नाही. का, हेही विचारायचं नाही. कारण तोही प्रश्नच झाला.

शलाका सायाळीला हा नियम नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आला. जंगल पंचायतीत ती नवी पाणीरक्षक होती. सरपंच गवाआप्पा रवंथ करत म्हणाले, "पोरी, प्रश्न विचारला की आपल्याला येत नाही असं दिसतं. पंचायतीला सगळं येतं. म्हणून तर आपण सतत शिकत असतो."

यातलं 'म्हणून' शलाकेला काही उमगलं नाही. पण पहिला दिवस होता. तिने काटे मिटून घेतले.

ही पंचायत शिकण्यात फार पुढे होती बरं का. पाणी स्वच्छ कसं ठेवावं यावरच तिने सतरा शिबिरं घेतली होती. दर वेळी दूरच्या तळ्यावरून बगळेसर यायचे, एका पायावर उभे राहायचे आणि सांगायचे, "निवळीचं बी उगाळून पाण्यात सोडावं. घाण तळाला बसते." मग टाळ्या. ज्यांना खूर होते ते खूर आपटायचे. मग फोटो, मग जेवण. अभिप्राय मात्र सकाळी आल्या आल्याच भरून घेत, कारण जेवणानंतर कुणी थांबत नसे.

पाणवठा तेवढा गढूळच होता.

अठराव्या शिबिराच्या सकाळी हरणीवहिनी शलाकेच्या बिळापाशी आली.

"पाडस तीन दिवस उभं राहिलेलं नाही गं. प्यायलेलं पाणी पोटात ठरत नाही. तू पाण्याची बाई ना? कर की काहीतरी!"

शलाका धावत शिबिराच्या मांडवात गेली. फलकाखाली निवळीच्या बियांची टोपली होती, काठोकाठ भरलेली. तिने ती उचलली.

"ए, ठेव ती!" सचिव वानरराव किंचाळले. "प्रात्यक्षिकाचं बी आहे ते. संपवलंस तर पुढच्या शिबिरात दाखवायचं काय? तुझे काटे?"

"सतरा शिबिरांत एकदाही वापरलं नाही?"

मांडव गारठला. हा प्रश्न होता.

बगळेसरांनी पाय बदलला. "पोरगी उत्साही आहे. हा मुद्दा आपण एकोणिसाव्या शिबिरात घेऊ."

"तोवर पाडस मरेल, सर."

"मग विसावं शिबिर पाडसांच्या पोटदुखीवर," वानररावांनी लगेच वहीत टिपलं.

गवाआप्पांनी आवाज मऊ केला. "हे बघ, उद्या राजधानीहून समिती येतेय. 'सदैव शिकणारी पंचायत' हा मान आपल्याला मिळायचाय. कागदावर सगळ्यांचे ठसे झालेत. तुझा एक राहिलाय. पंजा उमटव आणि जेवायला बस. आज कंद केलेत, तुझ्यासाठी."

कागदावर एकच ओळ होती : 'आमच्या सर्व शंका फिटल्या.'

शलाका सकाळपासून उपाशी होती, आणि कंद म्हणजे तिचा जीव की प्राण. वास तर असा सुटला होता, की विचारू नका. तिने पंजा उचलला. मग तसाच हवेत धरून ती म्हणाली, "उमटवते. आधी तुमच्यापैकी कुणीतरी एक बी उगाळून दाखवा. एकच."

गवाआप्पांनी वानररावांकडे पाहिलं. वानररावांनी बगळेसरांकडे पाहिलं. बगळेसरांनी आभाळाकडे पाहिलं.

"अहो आप्पा, सतरा प्रमाणपत्रं आहेत तुमच्याकडे!"

"शिकतोय अजून," गवाआप्पा पुटपुटले.

शलाकेने पंजा मागे घेतला.

"माझी शंका फिटलेली नाही. ठसा मिळणार नाही. आणि टोपली मी नेतेय. मलाही उगाळता येत नाही. दगडावर घासून बघीन. चुकलं तर पुन्हा घासीन. पण तुमच्या विसाव्या शिबिराची वाट बघत बसणार नाही." तिचा एकेक काटा ताठ झाला. "अडवायचंय कुणाला? या पुढे!"

कुणी पुढे आलं नाही. आप्पांचं रवंथ थांबलं. वानररावांची लेखणी थांबली. सर दोन्ही पायांवर उभे राहिले. शलाका टोपली घेऊन पाणवठ्याकडे निघाली.

तात्पर्य : शिकणं कधीही थांबवू नये. थांबलं, की काम करावं लागतं.